सात इंच म्हणजे किती बोटं? लांब हाताचा हिशोब

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत. जे राहिलेत ते गोड मानून घ्या.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे होतोय. सांगलीकडचा एक श्रोता आहे, बॉक्सिंग करतो. त्याचं म्हणणं असं: “दादा, माझी उंची सहा फूट, वजन ६८ किलो. क्लबमधले सीनियर म्हणतात, ६० किलोत उतर, तिथं तुझ्या हाताला कोण पोचणार नाही. उतरू का?”

उत्तर देतो, पण भागाच्या शेवटाकडे. कारण या प्रश्नाच्या पोटात आधी दुसराच एक प्रश्न आहे. लांब हात नेमका कशाच्या कामाचा, आणि कुठवर?

फाइट सुरू व्हायच्या आधी स्क्रीनवर दोघांचे आकडे येतात ना, वय, उंची, वजन, त्यातच एक असतो ‘रीच’. टायसन फ्युरीच्या नावापुढे ८५ इंच. आता ८५ इंच म्हणजे सात फुटांच्या वर. एवढा हात माणसाला नसतो, जिराफाला मान तेवढी असते. मग हे ८५ काय आहे? दोन्ही हात आडवे पसरायचे आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजायचं. छाती, खांदे सगळं धरून.

आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे, वाव. विहिरीचा दोर वावावर मोजायचे, अमुक वाव दोर लागेल असं. घरात कोणी शेतकरी आजोबा असतील तर त्यांना विचारा, ते हात पसरूनच दाखवतील. तर रीच म्हणजे त्या माणसाची वाव. घरी भिंतीला पाठ लावून उभे राहा, हात पसरा, कोणाला तरी पेन्सिलने दोन खुणा करायला सांगा. बहुतेकांची वाव उंचीच्या आसपासच भरते. कोणाची दोन-चार इंच जास्त, कोणाची थोडी कमी.

या मापात दोन गमती आहेत आणि त्या कळल्या की कॉमेंटेटरचं अर्धं बोलणं वेगळं ऐकू येतं.

पहिली. उंच म्हणजे लांब हाताचा असं समजू नका. यूएफसीचा अलेक्झांडर वोल्कानोव्स्की उंचीला ५ फूट ६ इंच. त्याचा प्रतिस्पर्धी मॅक्स होलोवे ५ फूट ११. शेजारी उभे राहिले की वाटतं, हा बुटका त्याच्यापर्यंत पोचणार कसा? पण रीच बघितली तर वोल्कानोव्स्कीची ७१ इंचांच्या वर आणि होलोवेची ६९. तिन्ही फाइट वोल्कानोव्स्कीने जिंकल्या, २०१९, २०२० आणि २०२२ मध्ये. बुटक्याने उंचाला हरवलं अशी गोष्ट लोक सांगतात. हाताच्या बाबतीत पाहिलं तर लांब हातवाल्याने आखूड हातवाल्याला हरवलं.

दुसरी गंमत जास्त महत्त्वाची. फ्युरीची वाव ८५, ओलेक्झांडर उसिकची ७८. फरक सात इंच. ऐकायला केवढं वाटतं! पण ही वाव दोन हातांची आहे, आणि मारताना एका वेळी एकच हात जातो. म्हणजे ढोबळ मानाने साडेतीन इंच. खांद्यांच्या रुंदीचा वाटा काढला तर कधी त्याहून कमी. आणि माप बोटाच्या टोकापर्यंत घेतलेलं, मारायला मात्र मूठ. तर हेवीवेटच्या इतिहासातल्या एवढ्या गाजलेल्या फाइटमध्ये हातांचा खरा फरक किती होता? स्वतःच्या हाताची चार बोटं जोडून बघा. तेवढा. अंगठा वगळून.

मग चार बोटांचं एवढं कौतुक कशाला? कारण ठोसा एका बोटाने चुकला तरी तो शून्यच असतो. गालाला वारा लागतो, बस. आणि ती चार बोटं कमी पडतात म्हणून आखूड हाताच्या माणसाला एक पाऊल जास्त टाकावं लागतं. सगळा खेळ त्या एका पावलाचा आहे. पाऊल उचललं त्या क्षणी तुमचा एक पाय हवेत असतो, वजन सरकत असतं, आणि तुम्ही समोरच्याच्या टप्प्यात शिरलेले असता, तो मात्र अजून तुमच्या टप्प्यात आलेला नसतो. ‘टप्पा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण रीच ही शरीराची लांबी झाली आणि टप्पा ही दोघांमधली जागा. लांब हातवाला जगतो तो त्या जागेवर. तो जॅब टाकतो, पुढच्या हाताचा सरळ ठोसा. लागला तर गुण, नाही लागला तरी समोरच्याचं पाऊल अडतं, नजर झाकली जाते, लय मोडते.

हे सगळ्यात निर्दयपणे कोणी केलं असेल तर जॉन जोन्सने. रीच साडेचौऱ्याऐंशी इंच. २०११ मध्ये २३ व्या वर्षी यूएफसीचा चॅम्पियन झाला, इतक्या कमी वयात तोवर कोणी झालं नव्हतं. जानेवारी २०१५ मध्ये त्याच्यासमोर डॅनियल कॉर्मिए, रीच साडेबहात्तर. बारा इंचांचा फरक. आता कॉर्मिए म्हणजे ऑलिंपिक खेळलेला पैलवान. त्याला आत शिरायचं होतं, धरायचं होतं. जोन्स त्याच्या मांडीवर, गुडघ्याच्या वर, सरळ लाथ टेकवत राहिला, पुढचा हात चेहऱ्यासमोर लांब धरत राहिला. आणि कॉर्मिए आत शिरलाच की जोन्स त्याला तिथंही धरायचा, कोपर मारायचा, उलट पैलवानालाच खाली पाडायचा. पाचही राउंड झाले, तिन्ही पंचांनी जोन्सला विजयी दिलं.

इथं एक कडू गोष्ट बोलून टाकतो. लांब हात चेहऱ्यासमोर धरायचा, बोटं उघडी ठेवून, ही जोन्सची सवय होती आणि त्यातून समोरच्यांच्या डोळ्यांत बोटं गेली. एकदा नाही, बऱ्याचदा. एमएमएचे ग्लोव्ह बोटं उघडी ठेवणारे असतात, त्यामुळे बॉक्सिंगपेक्षा हा धोका जास्त. समोरच्याच्या तोंडाकडे बोटं रोखणं हाच आता फाउल धरतात. मला जोन्सचा खेळ आवडतो, ही सवय अजिबात नाही.

बरं, हात लांब असले म्हणजे हे आपोआप जमतं का? स्टेफान स्ट्रुव्ह आठवतोय का कोणाला? नेदरलँड्सचा, उंची सात फूट. रीच जवळपास जोन्सएवढीच. मार्च २०१३, जपान, समोर मार्क हंट, ५ फूट १०. हंटने तिसऱ्या राउंडला त्याचा जबडा मोडला, शब्दशः. स्ट्रुव्ह वाईट फाइटर नव्हता, जमिनीवर तर चांगलाच होता. पण सात फुटांचा माणूस जॅब टाकून लांब राहण्याऐवजी पुन्हा पुन्हा हंटच्या हाताच्या टप्प्यात उभा राहायचा. लांब दोर आहे पण पोहरा सोडायलाच विसरलात, तर पाणी कुठून येणार?

आता या हाताची किंमत काय मोजावी लागते ते बघू. लांब काठी आणि छोटं दांडकं दोन्ही फिरवून बघा. टोकापाशी जोर लांब काठीत जास्त, पण वळवायला, थांबवायला, परत आणायला तीच जड. लांब हाताचा हुक मोठा वळसा घेऊन येतो, समोरच्याला तो दिसायला वेळ मिळतो. परत हनुवटीपाशी यायलाही अंतर जास्त. तेवढा वेळ तोंड उघडं. शिवाय लांब धड, म्हणजे झाकायला बरगड्या जास्त. कोपरं खाली आणली तर तोंड उघडं पडतं, हात वर नेले तर पोट.

आणि अगदी जवळ आलात की सगळंच उलटतं. आखूड हात कोपरात काटकोनात वाकतो आणि छातीला छाती लागली असतानाही हुक बसतो. लांब हाताला तिथं उघडायला जागाच मिळत नाही. अंगणात भाला चालतो, माजघरात कट्यार. म्हणून बहुतेक उंच हेवीवेट जवळ आलेल्याला मिठीच मारतात. व्लादिमीर क्लिचको, साडेसहा फूट उंच, २००६ ते २०१५ अशी जवळपास साडेनऊ वर्षं त्याने राज्य केलं, जॅब टाकायचा आणि माणूस जवळ आला की मिठी मारून त्याच्यावर वजन टाकायचं. बघायला कंटाळवाणं? हो, मला तरी. पण त्यामागचा हिशोब पक्का होता.

हा फायदा आणि ही किंमत, दोन्ही एकाच माणसात बघायची असेल तर टॉमी हर्न्स बघा. यूट्यूबवर आहे सगळं. डेट्रॉइटचा, क्रॉन्क जिमचा, कोच इमॅन्युएल स्टुअर्ड. उंची ६ फूट १ इंच आणि गट १४७ पौंडांचा, म्हणजे साधारण ६६ किलो. आपल्या सांगलीच्या मित्राच्या अंगाचाच माणूस! रीच ७८ इंच, म्हणजे आज हेवीवेट उसिकची जेवढी तेवढीच.

जून १९८४. समोर रोबेर्तो दुरान, पनामाचा, आखूड हाताचा आणि कोणाच्या बापाला न घाबरणारा. दोघांच्या वावेत अकरा इंचांच्या आसपास फरक. दुरान कधी टप्प्यात आलाच नाही. दुसऱ्याच राउंडला हर्न्सच्या उजव्या हाताने तो तोंडावर पडला. दुरानसारख्याला असं पडताना त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

पण त्याच्या तीन वर्षं मागे जा. सप्टेंबर १९८१, लास वेगास, उघड्यावरची रिंग आणि उकाडा. समोर शुगर रे लिओनार्ड, रीच ७४. हर्न्स जॅबवर जॅब टाकतोय, लिओनार्डचा डावा डोळा सुजून बंद होत आलाय. तेराव्या राउंडपर्यंत तिन्ही पंचांच्या कागदावर हर्न्स पुढे. आणि तिथं हर्न्सचे पाय संपले. हात तेवढेच लांब होते. पण मागे सरकायचं, बाजूला व्हायचं, ते पायांना जमेना. लिओनार्ड आत शिरला, तेराव्यात त्याला दोरांवर पाडलं, चौदाव्यात पंचांनी फाइट थांबवली.

मग एप्रिल १९८५, मार्विन हॅगलर. रीच ७५, फरक फक्त तीन इंच. हॅगलरने घंटा वाजल्यावर टप्प्याचा प्रश्नच ठेवला नाही. सरळ धावत आत. पहिल्याच राउंडमध्ये हर्न्सचा उजवा हात मोडला, हॅगलरच्या डोक्यावर मारून. मागे जायला हॅगलर जागाच देत नव्हता, आणि हर्न्सही, खरं सांगायचं तर, मागे जायच्या मूडमध्ये नव्हता. तिसऱ्या राउंडला संपलं. आठ मिनिटांच्या त्या फाइटवर लोक अजून तासन्‌तास बोलतात.

एकच माणूस, तेच ७८ इंच. दुरानसमोर काळ, हॅगलरसमोर तीन राउंड. म्हणून मला स्क्रीनवरचा तो आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. तो आकडा सांभाळायला पाय किती मिनिटं टिकणार हे कोणी स्क्रीनवर लिहीत नाही.

आता उलट बाजूने, आखूड हाताने बघू. माइक टायसनची रीच ७१ इंच, हेवीवेटसाठी कमीच. त्याचा गुरू कस डी'अमाटो. त्याने शिकवलेली पद्धत अशी: दोन्ही ग्लोव्ह गालांना चिकटवायचे, आणि डोकं सतत डावी-उजवीकडे, खाली-वर हलतं ठेवून पुढे जायचं. समोरच्याचा जॅब कानाजवळून गेला की त्याचा हात अजून बाहेर असतानाच आत. म्हणजे लांब हाताचा तो ‘परत यायला लागणारा वेळ’ सांगितला ना मघाशी, टायसन त्या वेळेत घुसायचा. नोव्हेंबर १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला, रीच ७८, दोन राउंडमध्ये झोपवून विसाव्या वर्षी चॅम्पियन.

आणि फेब्रुवारी १९९०, टोकियो. बस्टर डग्लस, रीच ८३. टायसन सरळ रेषेत, डोकं न हलवता पुढे येत राहिला आणि डग्लसचा जॅब खात राहिला. आठव्या राउंडला टायसनने त्याला एकदा पाडलं खरं, पण दहाव्यात स्वतःच गेला, माउथगार्ड शोधत रिंगमध्ये रांगत होता. २००२ मध्ये लेनॉक्स लुईस, रीच ८४, आठ राउंडमध्ये तेच. तोवर टायसन ३५ चा झाला होता. हात १९८६ मध्येही ७१ इंचच होता, तेव्हा डोकं हलत होतं.

असे दाखले देत बसलो तर रात्र होईल. रॉकी मार्सियानोची वाव ६८ इंचही भरत नसे, तरी ४९ फाइट, ४९ विजय. जो फ्रेझरने मार्च १९७१ मध्ये अलीसारख्या लांब हाताच्या माणसाला पंधराव्या राउंडला डाव्या हुकने पाडलं. पण सगळ्यात शिकण्यासारखी फाइट आपल्या काळातलीच आहे, तिच्यावर थोडं थांबतो.

१८ मे २०२४, रियाध. उसिक विरुद्ध फ्युरी, चारही पट्टे पणाला. फ्युरी ६ फूट ९, उसिक ६ फूट ३. वजनाचाही फरक मोठा. चौथ्या ते सातव्या राउंडपर्यंत फ्युरी जोरात होता, अपरकट आणि पोटातले ठोसे. उसिक आत येण्यासाठी खाली वाकला की खालून अपरकट. बऱ्याच जणांना वाटलं, संपलं.

उसिक डावखुरा आहे, बॉक्सिंगच्या भाषेत साउथपॉ. उजवा पाय आणि उजवा हात पुढे. फ्युरी बहुतेक वेळ डावा हात पुढे ठेवतो. असे दोघे समोरासमोर आले की दोघांचे पुढचे हात एकमेकांच्या समोर येतात, एका दारात दोन माणसं अडकावीत तसे. लांब जॅब मोकळा धावत नाही. त्याला आधी समोरचा हात बाजूला सारावा लागतो. मग भांडण पुढच्या पायाचं होतं. ज्याचा पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेर पडला, त्याच्या मागच्या हाताला सरळ रस्ता. उसिक सबंध वेळ त्या रस्त्यासाठी पाय सरकवत होता. बारीक बारीक पावलं, कधी आत, कधी बाहेर.

दुसरं म्हणजे पोट. फ्युरीचा बचाव म्हणजे कमरेतून मागे झुकणं. एवढ्या उंच माणसाचं डोकं मागे गेलं की ते कोणाच्याच हाताला लागत नाही. पण डोकं मागे गेलं तरी पोट जागेवरच राहतं ना! उसिक सुरुवातीपासून पोटावर सरळ जॅब टाकत होता. तोंडापर्यंत जे अंतर जास्त होतं, ते पोटापर्यंत तेवढं राहत नाही. आणि पोटावर मार बसला की माणसाचे पाय जड होतात. पुन्हा पायांवरच आलो बघा.

नववा राउंड. उसिकचा डावा हात फ्युरीच्या तोंडावर बसला आणि मग बसतच गेला. फ्युरी एका दोरावरून दुसऱ्या दोरावर, पाय सापडेनात. पंचांनी मध्ये पडून आकडे मोजले. दोर नसते तर तो पडलाच असता. शेवटी विभागून निकाल, दोन पंच उसिककडे, एक फ्युरीकडे. डिसेंबरमध्ये पुन्हा भिडले, तेव्हा तिन्ही पंचांनी ११६-११२ उसिकला दिले.

कुस्तीवाले म्हणतील, आमचं काय? आपल्याकडे मैदानात हलगी वाजते, निवेदक पैलवानाचं गाव सांगतो, तालीम सांगतो, वस्ताद सांगतो. वाव कोणी सांगत नाही. कारण कुस्तीत टप्पा फार लवकर संपतो, खडाखडी झाली की माणूस अंगालाच भिडलेला. तरी लांब हात तिथंही बोलतो, मिठी पुरी होते, हाताची पकड समोरच्याच्या पाठीमागे जुळते. एमएमएमध्ये गळा आवळायला हेच लांब हात सोन्यासारखे. पण उंच पैलवानाचा पाय जमिनीपासून वरपर्यंत लांब, कंबर उंच, आणि खालून येणाऱ्या ठेंगण्या माणसाला पट काढायला तेच सोपं. १९५२ मध्ये हेलसिंकीला ब्राँझ जिंकणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणायचे. नावातच खिसा आहे! शिवाय जूजित्सूत हात मोडायचा डाव लागला तर लांब हात म्हणजे समोरच्याला मिळालेली लांब तरफ.

आता सांगलीच्या मित्रा, तुझा प्रश्न.

६८ वरून ६०. आठ किलो, म्हणजे तुझ्या अंगाचा जवळपास आठवा हिस्सा. सहा फुटांच्या, आधीच सडपातळ मुलाच्या अंगावर आठ किलो चरबी नसते. मग काय तोडणार? आधी स्नायू, मग पाणी. एमएमएवाले आदल्या दिवशी वजन देतात आणि रात्रभर पाणी भरून घेतात, ते बघून पोरांना वाटतं आपणही करू. हौशी बॉक्सिंगमध्ये वजन लढतीच्या दिवशी सकाळीच होतं, आणि स्पर्धा चार दिवस चालली तर लढतीच्या प्रत्येक सकाळी. म्हणजे तुला रोज सुकायचंय आणि रोज लढायचंय.

हे धोक्याचं आहे, आणि घाबरवण्यासाठी बोलत नाहीये. तो कॉर्मिए, जोन्ससमोरचा, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला अमेरिकेच्या कुस्ती संघाचा कॅप्टन होता. वजन तोडताना मूत्रपिंडं बंद पडायला आली आणि एकही कुस्ती न खेळता परतला. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग नावाचा २१ वर्षांचा चिनी फाइटर मनिलाला वन चॅम्पियनशिपच्या फाइटसाठी वजन तोडताना गेला. एकवीस वर्षं. त्यानंतर त्या संघटनेने पाणी तोडून वजन करण्यावर बंदी आणली. विनेश फोगाटचं पॅरिस तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, १०० ग्रॅम. ५३ ची मुलगी ५० मध्ये उतरली होती, केस कापले, रात्रभर घाम काढला, तरी दुसऱ्या सकाळी काटा हलला नाही.

आणि समज, तू ६० मध्ये पोचलास. हात लांब आहेत, मान्य. पण हर्न्सचं काय झालं? लांब हात टिकवायला जे पाय लागतात, ते सुकलेल्या अंगात सगळ्यात आधी जातात. दुसऱ्या राउंडला तू दोरांवर असशील आणि ६० किलोचा खरा, जेवलेला, ठेंगणा मुलगा तुझ्या बरगड्या मोजत असेल.

तुझे सीनियर पूर्ण चुकीचंही बोलत नाहीत, हे पण ऐक. वरच्या गटात गेलं की हात कमी पडतात, हे खरंय. मेरी कोमने बघितलंय ते. विश्वविजेतेपदं ४८ किलोपर्यंतच्या गटांत जिंकली, आणि लंडन २०१२ ला बायकांच्या बॉक्सिंगमध्ये सगळ्यात खालचा गटच ५१ चा. उंची जेमतेम ५ फूट २. सेमीफायनलला निकोला ॲडम्स, तिच्यापेक्षा उंच. ११-६ ने गेली, तरी ब्राँझ आणलं. तिला दुसरा रस्ताच नव्हता. तुला आहे.

तू लव्हलिना बोरगोहाईं बघ. ५ फूट १०, टोकियोला ६९ किलोत लांब हातावर खेळून ब्राँझपर्यंत गेली. सेमीफायनलला तुर्कीची सुरमेनेली आत घुसली आणि ५-० ने हरवलं. पुढे ऑलिंपिकमधून ६९ चा गटच गेला. लव्हलिना खाली ६६ ला नाही आली, वर ७५ ला गेली. २०२३ मध्ये दिल्लीत त्याच ७५ मध्ये विश्वविजेती झाली. हर्न्सही वर वर गेला, १४७ पौंडांपासून १७५ पर्यंत, पाच गटांत पट्टे जिंकले.

तर नाही, उतरू नकोस. ६८ च्या आसपासच राहा, दोन वर्षांत अंग भरेल, तेव्हा वरचा गट बघ. सीनियर ऐकत नसतील तर कोचशी बोल, वडिलांना बरोबर ने, आणि वजनाचं काहीही करायच्या आधी डॉक्टरला दाखव. तोवर जिममध्ये तुझ्यापेक्षा चार इंचांनी ठेंगण्या, चिवट मुलाबरोबर स्पारिंग माग. तो आत आला की सरळ मागे पळू नकोस, दोर लागतात. जॅब टाक आणि बाजूला पाऊल टाक. हात परत हनुवटीला आण, आळस नको. अडकलासच तर कोपरं पोटाशी आवळून खालून छोटा अपरकट, नाहीतर मिठी. आणि दोरीच्या उड्या वाढव.

ठेंगण्या श्रोत्यांनो, तुम्ही रुसू नका. तुमच्यासाठी एकच गृहपाठ. उसिक-फ्युरीच्या पहिल्या फाइटचा नववा राउंड लावा, आवाज बंद करा, आणि पहिल्यांदा बघताना फक्त उसिकचा पुढचा पाय बघा. हात दुसऱ्यांदा.